ड्रम घरघरतो तेव्हा...

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर खारी हवा सायकलच्या साखळीलाही सोडत नाही. वॉशिंग मशीनच्या बेअरिंगचा पहिला शत्रू मात्र हवा नव्हे, पाणी.

फ्रंट लोड मशीनच्या टबामागे सहसा दोन बेअरिंग असतात आणि त्यांच्यापुढे रबरी ऑइल सील. सील झिजलं की साबणाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि पोलादी गोळ्या गंजतात. मग मिनिटाला हजारावर फेरे घेणारा ड्रम स्पिनच्या वेळी विमानासारखा घरघरतो.

परीक्षा सोपी: मशीन बंद करून रिकामा ड्रम हाताने वर-खाली हलवायचा. तो खडखडला, किंवा टबामागे तांबूस ओघळ दिसला, तर संशय बेअरिंगवरच.

माप कळतं कड्यावरच्या नंबरावरून. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२. ६२०६ म्हणजे ३० आणि ६२.

काम घरीच करायचं तर प्लग काढून, नळ बंद करून पट्टा, पुली आणि टब उतरवावा लागतो. नवं बेअरिंग काही तास फ्रीजरमध्ये ठेवलं की किंचित आकसतं. बसवताना ठोकायचं फक्त बाहेरच्या कड्यावर. सीलही नवीनच हवं.

विहिरीचं पाणी मचूळ असेल, तर ड्रममागचा अ‍ॅल्युमिनियमचा तीन पायांचा स्पायडरही तपासावा. स्टीलच्या ड्रमला जोडलेला हा भाग खाऱ्या पाण्यात लवकर झिजतो. काही मॉडेलांत टब कारखान्यातच कायमचा जोडलेला असतो. तिथे बहुधा अख्खा टबच बदलतात.