हक्क सुटला, पण फिल्म कुठे आहे?

१९२४ च्या अखेरीस मुळशी पेट्यात सेनापती बापट व त्यांच्या साथीदारांनी धरणाच्या कामावरची आगगाडी अडविली. टाटांच्या धरणात शेते-घरे बुडणार म्हणून १९२१ पासून चाललेल्या सत्याग्रहातील तो निकराचा प्रसंग. बापटांना त्यापायी सात वर्षांची सजा झाली. नेमक्या त्याच काळात आगगाडीच्या साहसांवर मूकपटांची तिकिटे खपत होती. अमेरिकेत १९२६ साली बस्टर कीटनचा 'द जनरल' निघाला, तर आपल्याकडे जे. बी. एच. वाडियांचा 'तुफान मेल' १९३२ साली आला.

या दोन चित्रपटांची पुढची गत ध्यानात घेण्यासारखी आहे. मुदतवाढ न घेतल्यामुळे 'द जनरल'वरील स्वामित्वहक्क अमेरिकेत केव्हाच संपला. प्रती मुबलक होत्या, म्हणून तो आज कुणीही पाहू शकतो. आपल्या १९५७ च्या कायद्याने चित्रपटाला प्रकाशनानंतर ५० वर्षांचे संरक्षण दिले, पुढे ते ६० झाले. हा हिशेब कसाही मांडला, तरी चित्रपट म्हणून 'तुफान मेल' आता मोकळाच आहे. (कथालेखकाचा हक्क निराळा, तो त्याच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो. फाळके १९४४ साली वारले, म्हणजे त्यांच्या बाबतीत तोही २००४ अखेर संपला.) पण मोकळा झालेला 'तुफान मेल' पाहावयाचा कुठे?

भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. उरले जेमतेम दोन-तीन डझन, आणि त्यांतलेही बरेचसे अपुरे. नायट्रेट फिल्म भडकन पेटते. शिवाय तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी जुनी रिळे विकली गेली, हे तर आपल्याच हातचे पाप. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले नसते आणि पी. के. नायर यांनी दारोदार हिंडून डबे जमविले नसते, तर फाळक्यांचा 'कालिया मर्दन'ही हाती लागता ना. त्याच पुण्यात २००३ च्या आगीत नायट्रेटची रिळे जळाली!

कायद्याने हक्क संपला तरी प्रत ज्याच्या कपाटात, त्याचीच परवानगी चालते. सरकारी पैशाने जपलेल्या, हक्कमुक्त मूकपटांना हा न्याय का लागावा? त्यांच्या चांगल्या प्रती शाळा-महाविद्यालयांना विनासायास मिळाव्यात. पुण्याच्या संग्रहालयापासून पौड काही फार लांब नाही. तिथल्या विद्यार्थ्यांना 'कालिया मर्दन' दाखविण्यास आज कायद्याची आडकाठी उरलेली नाही.