प्रतिकृती-जेटची बांधणी : लेखांक सहावा — इंजिन वाढते तेव्हा ताण कुठे पडतो

रेडिओ-नियंत्रित जेटच्या प्रतिकृतीत अधिक ताकदीचे इंजिन बसवायचे ठरले की बहुतेक हौशी कारागीर प्रथम इंजिनाच्या बैठकीकडे वळतात, तिच्या लाकडी पट्ट्या जाड करतात, आडव्या चौकटींना कार्बन कापडाचे थर चढवतात आणि विमान मजबूत झाले असे मानतात. हिशेब मांडला तर ही चिंता बरीचशी चुकीच्या जागी खर्च झाल्याचे दिसते. नऊ किलो वजनाच्या जेटमध्ये ८० न्यूटन रेट्याऐवजी, म्हणजे विमानाला पुढे ढकलणाऱ्या बलाऐवजी, १४० न्यूटन रेटा देणारे टर्बाइन बसवले, तर बैठकीवर पडणारा भार साधारण १४ किलो वजनाइतका होतो आणि चांगल्या प्लायवुडच्या चौकटीला तो जड नाही. तेच विमान सूर मारून वर खेचले जाताना गुरुत्वाच्या दहापट त्वरण सोसत असेल, तर पंखांना ९० किलोची उचल पेलावी लागते.

रेटा आणि पंखांवरचा भार यांना जोडणारा दुवा म्हणजे गतिज दाब, अर्थात हवेच्या घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून मिळणारी राशी. सरळ, सपाट उड्डाणात कमाल वेगाला रेटा आणि हवेचा रोध समतोल असतात. रोध हा गतिज दाबाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून रेटा पावणेदोन पट झाला की गतिज दाबही ढोबळमानाने पावणेदोन पट होतो. वेग मात्र त्याच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे ताशी २५० किलोमीटरचा सुमारे ३३० होतो. कारागिराला वेगातली तिसऱ्या हिश्श्याची वाढ दिसते, तर पंख, शेपटी आणि बिजागऱ्या यांना तीन चतुर्थांशाची वाढ सोसावी लागते.

येथे बळकटी आणि ताठपणा यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. बळकटी म्हणजे किती भारावर वस्तू मोडते, तर ताठपणा म्हणजे दिलेल्या भाराखाली ती किती वाकते किंवा पिळवटते. वेगवान प्रतिकृती पुष्कळदा ताठपणाच्या अभावी नष्ट होते, आणि त्याचे कारण फ्लटर. शेपटीवरचा एलिव्हेटर किंवा पंखावरचा ऐलेरॉन, म्हणजे दिशा बदलणारी हलती फळी, थोडा हलतो, त्यामुळे पंख किंवा शेपटी किंचित पिळवटते, त्या पिळामुळे हवेचे बल बदलते आणि ते मूळ हालचालीलाच खतपाणी घालते. एका ठरावीक वेगापलीकडे ही फडफड आपोआप वाढत जाते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शेपटी सुटून येते. यावर उपाय जाडजूड लाकूड नव्हे. कार्बन तंतू पंखाच्या लांबीला समांतर ठेवले तर ते वाकणे रोखतात, पिळवटणे रोखण्यासाठी मात्र ते ४५ अंशांच्या तिरप्या मांडणीत, दोन्ही दिशांनी बसवावे लागतात. त्याहून स्वस्त आणि अधिक गुणकारी उपाय म्हणजे सर्व्हो मोटरपासून बिजागरीपर्यंतच्या जोडणीतला ढिलेपणा काढणे. संपूर्ण फिरणाऱ्या आडव्या शेपटीचे टोक बोटांत धरून हलवावे आणि सर्व्होचा दांडा स्थिर असताना टोक जाणवण्याइतके हलले, तर मोठ्या इंजिनाचा विचार तेथेच थांबवावा.

पंखांची परीक्षा जमिनीवर करता येते. विमान उलटे करून धडापाशी आधार द्यायचा आणि पंखांच्या खालच्या बाजूवर, जी आता वर आलेली असते, मुळाशी जास्त आणि टोकाशी कमी अशा रीतीने वाळूच्या पिशव्या रचत जायच्या. पंखांचे स्वतःचे वजन हवेतच पेलले जात असल्यामुळे दहापट त्वरणासाठी पूर्ण ९० किलो लागत नाहीत. प्रत्येक पिशवीनंतर टोक किती खाली गेले हे पट्टीने मोजावे आणि कान देऊन ऐकावे. सरस सुटू लागला की बारीक कटकट येते आणि भार काढल्यावर टोक मूळ जागी परतत नाही.

अधिक ताकदीचे टर्बाइन हवाही अधिक ओढते. हवा आत घेण्याची तोंडे पूर्वीचीच राहिली तर धडाच्या आतला दाब बाहेरच्याहून कमी होतो आणि पातळ झाकणे आत खेचली जातात. शिवाय इंजिन जड असल्यास गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि तो पुढे आणण्यासाठी नाकात घातलेले शिसे पुन्हा पंखांनाच उचलावे लागते.

दिल्लीकरांना याची उलटी बाजू पाहायची असेल तर पालमच्या वायुसेना संग्रहालयातले मारुत हे भारतीय लढाऊ जेट पाहावे. कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आखलेले, १७ जून १९६१ रोजी प्रथम उडालेले हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाचे उद्दिष्ट ठेवून रचले होते. पण ज्या ऑर्फियस १२ इंजिनाभोवती त्याची आखणी झाली ते आलेच नाही आणि सुमारे २,२०० किलो रेट्याच्या दोन ऑर्फियस ७०३ इंजिनांवर भागवावे लागले. सांगाडा तयार आणि इंजिन तोकडे, अशी ही अवस्था होती. पुढे नळकांड्यात जादा इंधन जाळून रेटा वाढवण्याचा प्रयत्न झाला; त्या आवृत्तीचे नमुना-विमान १० जानेवारी १९७० रोजी कोसळले आणि चाचणी वैमानिक ग्रुप कॅप्टन सुरंजन दास मृत्युमुखी पडले. ती आवृत्ती सेवेत आली नाही.

राजधानी परिसराचे हवामान या हिशेबात स्वतंत्र भर घालते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना येथील हवा जानेवारीतल्या दहा अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने विरळ असते. टर्बाइन तेवढे, किंबहुना थोडे अधिकच, मंदावते आणि उतरण्याचा वेग मात्र सहा-सात टक्क्यांनी वाढतो. उन्हाळ्यात निर्धोक ठरलेले विमान थंडीत त्याच थ्रॉटलवर जास्त गतिज दाबाला सामोरे जाते, तेव्हा बांधणीची कसोटी डिसेंबर-जानेवारीच्या हवेवरच लावली पाहिजे. उन्हाळ्याचा धोका वेगळाच आहे: घरगुती तापमानाला सुकवलेले इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांना नरम पडू लागते, आणि गडद रंगाचे विमान उन्हात उभे केले तर त्याची कातडी तेथपर्यंत सहज तापते. कार्बनचे थर पुढे मंद उष्णतेत काही तास पक्के करून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

प्रश्न आकाशाचाही आहे. पालम, सफदरजंग आणि गाझियाबादजवळचे हिंडन यांमुळे दिल्लीभोवतीचा मोठा टापू उड्डाणाला बंद आहे, आणि ड्रोन नियम २०२१ नुसार उड्डाणाला खुल्या ठेवलेल्या हरित पट्ट्यातही परवानगीविना मर्यादा ४०० फुटांची, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांचीच आहे. ताशी ३३० किलोमीटर वेगाने नाक वर केलेले जेट ४०० फूट दीड सेकंदाच्या आतच ओलांडते. त्यामुळे अनेक ठिकाणी मोठे टर्बाइन बसवूनही त्याच्या नियंत्रक संगणकात फेऱ्यांची कमाल मर्यादा खाली बांधून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते. रेटा उड्डाण घेताना हाताशी राहतो, सांगाड्याला मात्र मर्यादेबाहेरचा वेग पाहावा लागत नाही. पूर्ण रेट्याला मिनिटाला चार-पाचशे मिलिलिटर रॉकेल पिणाऱ्या या इंजिनाच्या टाकीची जागा आणि गुरुत्वमध्याचा सविस्तर हिशेब पुढील लेखांकात येईल.