वाक्यातील आकड्याची जागा

इंग्रजीत किंमत, वजन, लांबी किंवा कालावधी सांगणारी जी साधी क्रियापदे रोजच्या बोलण्यात सतत येतात, त्यांच्यामागून येणारा आकडा दिसायला वाक्याच्या कर्मासारखा दिसतो, परंतु व्याकरणाच्या कसोटीला लावला असता तो कर्म ठरत नाही. 'द सॅक वेज टेन किलोज', म्हणजे पोते दहा किलो भरते, या वाक्यात दहा किलो हे शब्द नेमके त्या जागी बसले आहेत, जिथे इंग्रजीत एरवी कर्म बसते. कर्म ओळखण्याची रूढ कसोटी म्हणजे कर्मणी प्रयोग, म्हणजेच कर्माला कर्त्याच्या जागी आणून वाक्य फिरवून पाहणे. दुकानदाराने दहा किलो तांदूळ तोलला, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य याच 'वे' क्रियापदाने बनते आणि ते सहज फिरवता येते. पोत्याचे वाक्य मात्र फिरत नाही, कारण 'दहा किलो पोत्याकडून तोलले गेले' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य त्या भाषेत वाढलेला कोणीही उच्चारणार नाही. क्रियापद एकच आणि आकडाही तोच असला, तरी दुकानदाराच्या वाक्यात तो तोलल्या जाणाऱ्या वस्तूला चिकटलेला आहे आणि पोत्याच्या वाक्यात तो 'किती' या प्रश्नाचे केवळ उत्तर आहे.

किंमत सांगणाऱ्या 'कॉस्ट' या क्रियापदात हा भेद रूपातही उतरला आहे. एखादे पुस्तक दोनशे रुपयांना पडले, असे सांगताना या क्रियापदाचे भूतकाळी रूप 'कॉस्ट' असेच राहते; पण एखाद्या प्रकल्पाच्या खर्चाचा अंदाज माणसाने बसून काढला, असे सांगायचे असेल तेव्हा ते 'कॉस्टेड' होते आणि त्याचा कर्मणी प्रयोगही बिनदिक्कत करता येतो. आकडा वस्तूच्या अंगचा आहे की कोणी मोजून काढलेला आहे, हे इंग्रजी भाषकाला कोणी शिकवत नाही, तरी क्रियापदाचे रूप निवडताना तो ते अचूक ओळखतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारी आहे.

मराठीने हाच व्यवहार निराळ्या रीतीने मांडला आहे. 'पुस्तकाला दोनशे रुपये पडले', 'प्रवासाला तीन तास लागले', 'तिला दहा वर्षे पूर्ण झाली' या वाक्यांत क्रियापदाचे लिंग आणि वचन पुस्तकावरून, प्रवासावरून किंवा मुलीवरून ठरत नाही, तर रुपये, तास आणि वर्षे यांच्यावरून ठरते. म्हणजे इंग्रजीत क्रियापदाच्या मागे, जवळजवळ आश्रिताप्रमाणे उभे असलेले माप मराठीत वाक्याचा कारभार हाती घेते आणि ज्याचे माप सांगायचे ती वस्तू 'ला' प्रत्यय लावून बाजूला होते. मराठीही सर्वत्र असेच करते असे नाही, कारण 'पोते ऐंशी किलो भरले' या वाक्यात क्रियापद पोत्याचेच ऐकते. तरीही पैसा, वेळ आणि वय या तिन्ही ठिकाणी आकड्याला मिळणारा मान पाहता, मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला इंग्रजीतील ही साधी वाक्ये अवघड का जातात, याचे कारण स्पष्ट होते: त्याला केवळ शब्द बदलायचे नसतात, तर वाक्याचा कर्ताच बदलायचा असतो.

वचनाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. 'टेन माइल्स इज अ लाँग वे' या वाक्यात मैल अनेकवचनी असूनही क्रियापद एकवचनी येते, कारण बोलणाऱ्याच्या मनात दहा सुटे मैल नसून एक सलग अंतर असते. मराठी येथे क्रियापदाला हात न लावता 'दहा मैल हे अंतर मोठे आहे' अशी मधे एका नामाची भर घालते आणि क्रियापद त्या नामाशी जुळवते. दोन आणि दोन चार, हे सांगताना इंग्रजीत एकवचनी 'इज' आणि अनेकवचनी 'आर' अशी दोन्ही क्रियापदे चालतात, कारण 'टू अँड टू' ही एक रक्कम आहे असेही मानता येते आणि त्या दोन वेगळ्या संख्या आहेत असेही मानता येते. 'अँड'च्या जागी 'प्लस' आला की मात्र सामान्यतः एकवचनच वापरले जाते.

अपूर्णांकांच्या बाबतीत मराठीची सूक्ष्मता इंग्रजीपेक्षा अधिक आहे. इंग्रजीत एकाहून तसूभर जास्त झाले की नाम अनेकवचनी होते, इतकेच नव्हे तर शून्य अंशांनाही 'झीरो डिग्रीज' असे अनेकवचन लागते. मराठीत मात्र सव्वा वाजला, दीड वाजला, पण पावणेदोन वाजले. दीड तास लागला, पण पावणेदोन तास लागले. केवळ राशीचा विचार केला तर दीड आणि पावणेदोन या दोन्ही संख्या एक आणि दोन यांच्या दरम्यानच्या आहेत, परंतु पावणेदोनच्या नावातच दोन हा शब्द असल्यामुळे क्रियापद त्या नावाला मान देऊन अनेकवचनी होते. क्रियापद राशीपेक्षा शब्दाशी अधिक इमान राखते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

अंकगणिताच्या भाषेत या दोन्ही भाषा अनपेक्षितपणे जवळ येतात. भागाकार सांगताना इंग्रजीत तीन हा आकडा बारामध्ये चार वेळा 'गोज', म्हणजे जातो. मराठीतही बाराला तीनने भाग जातो. वजाबाकीत इंग्रजी 'लीव्ह' हे क्रियापद वापरते, म्हणजे दहातून सात काढले असता तीन मागे सोडले जातात, आणि मराठीत तेच तीन उरतात. हे उरणे इंग्रजीच्या संख्यावाचकांतच गोठून राहिले आहे: 'इलेव्हन' आणि 'ट्वेल्व्ह' या शब्दांच्या जुन्या रूपांचा उत्तरार्ध उरणे या अर्थाच्या धातूशी जोडला जातो, म्हणजे दहा मोजून झाल्यावर एक उरला तो अकरा आणि दोन उरले ते बारा. लिथुआनियन भाषेने हीच पद्धत अकरापासून एकोणीसपर्यंत सर्व संख्यांना लावली. बरोबरीचे चिन्ह तर क्रियापदाच्या कंटाळ्यातून जन्मले, कारण वेल्स प्रांतात जन्मलेला गणिती रॉबर्ट रेकॉर्ड याने 1557 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'च्या बरोबर आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिणे टाळण्यासाठी सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा योजल्या.

मोजणे आणि सांगणे यांचे नाते तितकेच जुने आहे. आज सांगणे या अर्थाने वापरले जाणारे 'टेल' हे क्रियापद जुन्या इंग्रजीत मोजणे याही अर्थाने वापरले जात असे. जर्मन भाषेतील 'त्सेलेन', म्हणजे मोजणे, हे त्याचेच भावंड आहे, आणि बँकेत पैसे मोजून देणाऱ्याला 'टेलर' म्हणतात ते या जुन्या अर्थामुळे. मराठीतही तक्रारींचा पाढा वाचला जातो, आणि ज्याला किंमत दिली जात नाही त्याला कोणी मोजत नाही, असे म्हटले जाते.

या सर्व क्रियापदांपैकी वृत्तपत्राच्या वाचकाला सर्वाधिक भेटणारी आणि भाषांतरात सर्वाधिक घोटाळा करणारी क्रियापदे म्हणजे वाढ आणि घट सांगणारी. 'राइज' या क्रियापदानंतर 'बाय' आला तर पुढचा आकडा फरकाचा असतो आणि 'टू' आला तर तो अंतिम पातळीचा असतो. टक्केवारी सांगताना दोन्हीपैकी काहीच न येता थेट आकडा आला, तर तो फरकाचाच समजला जातो. मराठीत हे काम विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात: दर दोनशेने वाढला म्हणजे फरक दोनशेचा, आणि दर दोनशेवर गेला म्हणजे आताचा दर दोनशे. 'ने' आणि 'वर' या एकाक्षरी व दोन अक्षरी शब्दांची अदलाबदल झाली, तर बातमीतील प्रत्येक शब्द शुद्ध असूनही बातमी खोटी ठरते. त्यात टक्केवारीची भर पडली की काळजी आणखी वाढवावी लागते. व्याजाचा दर 4 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर गेला, तर तो 2 टक्क्यांनी वाढला असे लिहिणे चूक आहे; तो 2 टक्केबिंदूंनी वाढलेला असतो, आणि मूळ दराच्या मानाने ती वाढ 50 टक्क्यांची असते.