जंगलाच्या दारातली माणसं

डिसेंबर 2017 मध्ये मुंबईत अंधेरी पूर्वेच्या शेर-ए-पंजाब कॉलनीत, एका बालवाडीच्या आवारात बिबट्या शिरला. पुढच्याच महिन्यात मुलुंडच्या नानेपाड्यात दुसरा आला आणि त्याने सहा जणांना जखमी केलं. अशा वेळी वनखात्याची माणसं जाळ्या आणि भुलीचं इंजेक्शन घेऊन पोचतात. जनावराला बेशुद्ध करायचं काम पशुवैद्यकाचं. पण गच्चीवरून, गल्लीतून, भिंतींवर चढून मोबाइल उगारणाऱ्या गर्दीला मागे कोणी सारायचं? वाट मोकळी मिळाली तर बिबट्या बहुधा आल्या वाटेने निघून जातो. गर्दीत कोंडला की अंगावर येतो.

उपनगरातल्या निसर्ग-स्वयंसेवकांचं काम इथे आहे. त्यांना बिबट्यापेक्षा माणसांशीच जास्त बोलावं लागतं.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (एसजीएनपी) सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. मुख्य दार बोरिवलीला, पण त्याची कड गोरेगाव, भांडुप, मुलुंड करत ठाण्यापर्यंत वस्त्यांना टेकलेली. 2015 साली निकित सुर्वे या तरुण अभ्यासकाने कॅमेरा ट्रॅप लावून इथे आणि लगतच्या परिसरात 35 बिबटे मोजले. हरणांबरोबर भटकी कुत्रीही त्यांच्या खाण्यात असतात. म्हणजे सोसायटीच्या मागे कचरा साचला की कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. ही साखळी लोकांना समजावणं हेच स्वयंसेवकाचं मुख्य काम, आणि ते एका भेटीत होत नाही.

2004 च्या जूनमध्ये उद्यानाच्या कडेने बिबट्यांचे हल्ले लागोपाठ झाले, माणसं दगावली. तेव्हा पिंजरे लावण्याची मागणी जोरात होती, आणि ते स्वाभाविकही होतं. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून दिसलं, की एका जागी पकडलेला बिबट्या दुसऱ्या जंगलात नेऊन सोडला तर तिथले हल्ले कमी होण्याऐवजी वाढू शकतात. मग 2011 मध्ये वनखात्याने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये होते. संशोधक, पत्रकार, पोलीस, विद्यार्थी आणि पाड्यांतली माणसं एकत्र आली. ज्या पाड्यांत वारली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पूजत आली, तिथे बिबट्या शेजारी आहे हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. ते सांगावं लागत होतं नव्या इमारतींत राहायला आलेल्यांना.

'काका, अंधार पडला की पोरांना एकटं सोडू नका. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या, मोबाइलवर गाणं लावा.' इतकं साधं बोलणं असतं. बोलणाऱ्याला मात्र पुन्हा पुन्हा त्याच दारी जावं लागतं. एकदा पत्रक वाटून निघून जाणाऱ्यावर कोणी विश्वास का ठेवावा?

अमेरिकेत या चिकाटीला रीतसर चौकट आहे. तिथे राष्ट्रीय वनांत स्वयंसेवक घेण्याचा कायदा 1972 साली झाला. सुट्टीच्या हंगामात काही जण, त्यांत निवृत्त जोडपी बरीच, आपली चाकांची घरं घेऊन जंगलातल्या तंबूतळावर यजमान म्हणून मुक्कामाला येतात. राहायची जागा फुकट मिळते. बदल्यात आलेल्यांचं स्वागत, शेकोटी नीट विझली का ते पाहणं, कचरा उचलणं, काही बिघडलं तर वनरक्षकाला कळवणं. कायदा राबवणं हे त्यांचं काम नाही. दंडाचा अधिकार नसलेला हा यजमान तरीही बेशिस्त आवरतो, कारण तो रोज तिथेच दिसतो. बोरिवलीच्या स्वयंसेवकाला मुक्कामाची जागा मिळत नाही. संध्याकाळी लोकल पकडून त्याला घरी जायचं असतं. पण कामाचा गाभा तोच आहे.

हंगाम मात्र इथले वेगळे. महाशिवरात्रीला उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या दिशेने भाविकांची रीघ लागते; तेव्हा प्लास्टिक वर जाऊच न देणं ही मोठी कामगिरी. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ. वाळलं गवत, एक विडी, आणि वाऱ्याची दिशा. डिसेंबर 2018 मध्ये गोरेगाव पूर्वेच्या टेकडीवर लागलेली आग तर या काळाच्याही आधीची होती. आग अडवायला वनखातं जाळरेषा काढतं, पण धूर पहिल्यांदा दिसतो तो बहुधा काठावरच्या रहिवाशाला. त्याच्याजवळ वनखात्याचा नंबर असला पाहिजे.

वैशाख पौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढण्याची नोंदणी झटपट भरते. राज्यभर चालणारा हा उपक्रम आता 'निसर्गानुभव' म्हणून ओळखला जातो, आणि ते नाव योग्य आहे. कारण ही काही प्राणीगणना नव्हे; बिबट्यांची खरी संख्या ठरवायला कॅमेरा ट्रॅपच लागतो. मचाणावरच्या रात्रीने माणूस गप्प बसायला शिकतो, हाच तिचा मोठा फायदा.

कारवीच्या फुलांचा हंगाम आठ वर्षांतून एकदा. 2016 नंतर 2024 मध्ये डोंगर जांभळे झाले. ही झुडपं एकदाच फुलतात, बी धरतात आणि मरतात, म्हणजे पुढची पिढी त्या बियांवरच. फोटोसाठी वाट सोडून झुडपांत घुसणाऱ्याला थांबवायचं ते याचसाठी. कारण सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. नुसतं ओरडलं तर वाद होतो.

मचाणावरच्या रात्रीसाठी जेवढी माणसं येतात, त्यांतली थोडी जरी पाड्यांत आणि सोसायट्यांत फिरायला तयार झाली, तरी पुष्कळ होईल. पुढाकार घ्यायचा असेल तर बोरिवलीच्या उद्यानात चौकशी करावी किंवा गोरेगावला फिल्मसिटीशेजारच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) निसर्गशिक्षण केंद्रात जावं. बिबट्या दिसला, आग दिसली, जखमी जनावर आढळलं तर गर्दी न जमवता 1926 या वनखात्याच्या हेल्पलाइनवर फोन करावा. सोसायटीच्या सूचना फलकावर हा क्रमांक आजच लावता येतो.