मुंजीची कॅसेट आणि सोफ्यावरचा फर्स्ट शो

२००५ ते २०१० या काळात तुमच्या घरात लग्न, मुंज किंवा बारसं झालंय? मग येत्या रविवारी माळ्यावरचा बुटांचा तो जुना खोका खाली काढाच. आत काडेपेटीपेक्षा जरा मोठी, चपटी कॅसेट सापडेल. हीच ती मिनी डीव्ही! ती ज्या कॅमेऱ्याने शूट झाली त्यावर 'एचडीव्ही' अशी अक्षरं होती का, हे घरातल्या हौशी काकांना विचारा. उत्तर 'हो' आलं, तर मंडळी, तुमच्या माळ्यावर चक्क हाय डेफिनिशन फुटेज पडून आहे आणि तुम्ही आजवर ते एकदाही एचडीमध्ये बघितलेलं नाही.

कसं काय? सोप्पं आहे. त्या वेळी व्हिडिओवाल्याने हातात दिली ती डीव्हीडी. डीव्हीडीच्या एका फ्रेममध्ये ७२० गुणिले ५७६, म्हणजे साधारण चार लाख पिक्सेल मावतात. एचडीव्हीच्या फ्रेममध्ये १४४० गुणिले १०८०, म्हणजे साडेपंधरा लाख. बाकीचे कुठे गेले? कॅसेटमध्येच राहिले! आणि एडिटिंगबद्दल तर बोलायलाच नको. बदामाच्या आकारात उघडणारे सीन, गुलाबाच्या पाकळ्या, मागे हिट गाणं. पंगतीत 'अजून एक जिलबी घे गं' म्हणणारी आजी त्यात चार सेकंद दिसते आणि तिचा आवाज गाण्याखाली दबलेला असतो. मूळ कॅसेटमध्ये मात्र ती तिच्याच आवाजात बोलते. आज ती नसेल, तर त्या कॅसेटची किंमत काय, हे वेगळं सांगायला नको.

घाई करायचं कारण खरंखुरं आहे. कॅसेटला आपल्याकडची दमट हवा मानवत नाही, पावसाळ्यात बुरशी धरते. पण त्याहून मोठी अडचण कॅसेट वाचणाऱ्या यंत्राची. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मिनी डीव्ही कॅसेटचं आणि रेकॉर्डेबल ब्लू-रे डिस्कचंही उत्पादन थांबवलं. कॅमेऱ्यातून फुटेज बाहेर काढायची वायर म्हणजे फायरवायर. तिचा सपोर्ट ॲपलने २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून काढूनच टाकला. म्हणजे चालू स्थितीतला कॅमेरा, जुना लॅपटॉप आणि ती वायर असं त्रिकूट कुणाकडे असेल, तर त्याच्याशी गोड बोला.

स्टुडिओत देणार असाल, तर काऊंटरवर दोन वाक्यं पाठ करून जा. एक, 'डीव्हीडी नको, मूळ एम-टू-टी फाइल हवी.' दोन, 'कॅमेऱ्याचं एचडीव्ही टू डीव्ही कन्व्हर्जन बंद आहे ना?' हे सेटिंग चुकून चालू राहिलं, तर कॅमेरा एचडीचं साधं डीव्ही करून बाहेर सोडतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. तासाभराची कॅसेट उतरवायला तासभरच लागतो; दहा मिनिटांत करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. एका कॅसेटची फाइल ११-१२ जीबीची होते.

ज्यांच्याकडे नंतरचे कार्डवाले कॅमेरे होते, म्हणजे २००६ मध्ये सोनी आणि पॅनासोनिकने आणलेला एव्हीसीएचडी, त्यांनी अख्खा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करावा. आतल्या फक्त एमटीएस फायली उचलल्या, तर लांबलचक शॉटचे जे तुकडे कॅमेऱ्याने पाडलेले असतात, त्यांच्या सांध्यावर गडबड होऊ शकते. नेमकी मंगलाष्टकांच्या मधोमध!

आता एडिटिंग. ते तुम्हीच करा, खरंच. फुकटात मिळणाऱ्या डाविंची रिझॉल्व्हमध्येही घरगुती कामाला पुरून उरेल इतकं सामान आहे. बारा-पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नका. पाहुणे तीन तास बसत नाहीत, ते फक्त चहा पितात. गाणी कमी, माणसांचे आवाज जास्त. जुनं एचडी फुटेज इंटरलेस्ड असतं, त्यामुळे आजच्या स्क्रीनवर अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्याचे दात दिसू शकतात. एक्सपोर्टच्या आधी डीइंटरलेस करा. भारतातलं जुनं फुटेज २५ फ्रेमच्या हिशेबाचं, ते ३० करायला जाऊ नका. आणि १०८० चं ४के करून नवे पिक्सेल खरे होत नाहीत, फाइल तेवढी फुगते.

सेव्ह करताना बहुतेक जण प्रोजेक्ट सेव्ह करतात आणि निवांत झोपतात. पण प्रोजेक्ट म्हणजे नुसती कृती, पदार्थ नव्हे! सॉफ्टवेअर बदललं किंवा फुटेजचा फोल्डर हलला की ती धड उघडेलच असं नाही. म्हणून तयार फिल्मची एक मास्टर कॉपी काढा: एमपीफोर, एच.२६४, बिटरेट २० एमबीपीएसच्या आसपास. तासाला ९ जीबी पडतात. यूट्यूबला किंवा व्हॉट्सॲपला जे जाईल ते या मास्टरवरून. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चेहऱ्यांचा लगदा होतो. व्हॉट्सॲपवरून परत आलेली फाइल 'आपली कॉपी' म्हणून ठेवणं तर गुन्हाच मानायला हवा.

कॉप्या किती? फोटोग्राफर पीटर क्रोग यांचा ३-२-१ नियम घरालाही लागू पडतो: तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. एक हार्ड डिस्क तुमच्याकडे, एक नाशिकच्या मावशीकडे, एक क्लाऊडवर. गूगल फोटोजची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ ला संपली. आता १५ जीबी मिळतात, तेही जीमेल आणि ड्राइव्हसोबत वाटून. तेव्हा थोडे पैसे मोजायची तयारी ठेवा.

आणि मग तो सोहळा! टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला आणि फाइल कॉपीच झाली नव्हती असं व्हायला नको. एफएटी-३२ फॉरमॅटच्या ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, रिकाम्या ड्राइव्हवरही नाही. एक्सफॅट करून घ्या, आणि टीव्ही तो वाचतो का ते आदल्या रात्रीच बघा. टीव्हीच्या सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग बंद करा, म्हणजे लग्न मालिकेसारखं दिसणार नाही. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा. ग्रुप फोटोतले कडेचे काका परत येतात. टीव्हीचे स्पीकर बारीक असतील तर साऊंडबार जोडा. आजीचं 'अजून एक घे गं' शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जायला हवं.