अमेरिकेंतील अपंग विद्यार्थी आणि शाळेचा डिप्लोमा

आपल्याकडे शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघर पेढे वांटले जातात. प्रमाणपत्र हातीं येणें ही आनंदाची गोष्ट, आणि तें जितकें लवकर येईल तितकें बरें, याविषयीं कोणाला शंका नसते. परंतु अमेरिकेंत असेहि आईबाप आढळतात कीं, जे शाळेला लेखी कळवितात, 'आमच्या मुलाला यंदा डिप्लोमा देऊं नका.' मुलगा नापास झालेला नसतो. उलट त्यानें सर्व अटी पुऱ्या केलेल्या असतात. परंतु मुलगा अपंग आहे, आणि डिप्लोमा स्वीकारतांच सरकारी शाळेचा दरवाजा त्याला बंद होणार, हें त्यांना ठाऊक असतें. वरवर चमत्कारिक दिसणाऱ्या या गोष्टीमागें अर्धशतकाचा कायदा व बराच झगडा आहे.

आपल्या बोर्डासारखें सर्वांची एकच शालान्त परीक्षा घेणारें राष्ट्रीय मंडळ अमेरिकेंत नाहीं. शिक्षण हा राज्यांचा विषय. राज्य नियम ठरवितें आणि ठिकठिकाणचीं शिक्षणमंडळें त्या नियमांप्रमाणें डिप्लोमा देतात. नववीपासून बारावीपर्यंत चार वर्षें विद्यार्थी एकेक विषय पुरा करून 'क्रेडिट' मिळवितो. वर्षभराच्या एका विषयाला साधारणपणें एक क्रेडिट. फ्लॉरिडा राज्यांत नेहमीच्या मार्गानें २४ क्रेडिटें लागतात. त्यांत इंग्रजीचीं ४, गणिताचीं ४, विज्ञानाचीं ३ व इतिहास-नागरिकशास्त्रादि विषयांचीं ३ असतात. बाकीचीं कला, व्यायाम आणि आवडीच्या विषयांचीं. शिवाय गुणांची सरासरी चारपैकीं निदान दोन असावी लागते. दुसऱ्या राज्यांत हिशेब निराळा. कांहीं राज्यांत यावर राज्याची परीक्षाहि असते, कित्येकांनीं ती काढून टाकलेली आहे.

या व्यवस्थेंत अपंग मुलांना पूर्वीं धड जागाच नव्हती. पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यांत, ज्या मुलाचें मानसिक वय पांच वर्षांचें झालेलें नाहीं त्याला शाळेनें नाकारावें, अशी चक्क मुभा होती. तेथील बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांची संस्था १९७१ सालीं न्यायालयांत गेली, आणि अशा मुलांना शिक्षण देण्याचें राज्याला मान्य करावें लागलें. १९७२ सालीं राजधानी वॉशिंग्टन येथील खटल्यांत न्यायाधीशांनीं बजावलें कीं, पैसा पुरत नसेल तर त्याचा भार एकट्या अपंग मुलांवर टाकतां येणार नाहीं. अखेर २९ नोव्हेंबर १९७५ रोजीं अध्यक्ष फोर्ड यांनीं सर्व देशासाठीं कायदा मंजूर केला. त्या वेळीं अमेरिकेच्या विधिमंडळानेंच नमूद केलें होतें कीं, देशांत ऐंशी लाखांवर अपंग मुलें असून त्यांपैकीं दहा लाखांना सरकारी शाळेंत अजिबात प्रवेश नाहीं.

या कायद्यानें प्रत्येक अपंग मुलाला विनामूल्य व त्याला योग्य असें शिक्षण मिळण्याचा हक्क दिला. आईबाप, शिक्षक व शाळेचे अधिकारी एकत्र बसून प्रत्येक मुलाची स्वतंत्र लेखी शिक्षणयोजना आंखतात. मूल सोळा वर्षांचें होईपर्यंत त्या योजनेंत शाळेनंतरच्या आयुष्याचाहि विचार यावा लागतो: पुढें शिकावयाचें कीं नोकरी करावयाची, राहावयाचें कोठें व कसें. सर्वसाधारण मुलाची शाळा अठराव्या वर्षाच्या आसपास संपते. अपंग विद्यार्थ्याचा हक्क मात्र बहुतेक ठिकाणीं एकविसाव्या वर्षापर्यंत, कोठें बाविसावें लागेपर्यंत, चालतो. मिशिगन राज्यांत तर ही मर्यादा सव्विसाव्या वर्षापर्यंत नेलेली आहे.

कायद्याचा खरा पेंच येथेंच आहे. हा हक्क वयानें संपतो, किंवा विद्यार्थ्याला नेहमीचा पूर्ण डिप्लोमा मिळाला कीं संपतो. अठराव्या वर्षीं तो कागद घेतला तर पुढचीं तीन वर्षें गेलीं. मागाहून पश्चात्ताप करून उपयोग नाहीं. मग त्या तीन वर्षांत होतें तरी काय? एकट्यानें बसनें प्रवास करणें, पैशाची मोड मोजून घेणें, औषधाची वेळ सांभाळणें, एखाद्या दुकानांत किंवा रुग्णालयाच्या उपाहारगृहांत काम करून पाहणें, असल्या गोष्टींचें शिक्षण तेव्हां दिलें जातें. ज्याला स्वतःचें जेवण स्वतः करतां येत नाहीं त्याला या धड्यांची किंमत सांगावी लागत नाहीं. डिप्लोमा देणें हा मुलाच्या व्यवस्थेंतील बदल मानला जातो, म्हणून शाळेनें आईबापांना तशी लेखी सूचना आधीं दिलीच पाहिजे असा नियम आहे.

उलटपक्षीं, जे कागद पूर्ण डिप्लोम्याच्या खालचे, ते हक्क संपवीत नाहींत. शाळेंत हजर राहिल्याचें किंवा अभ्यासक्रम संपविल्याचें सर्टिफिकेट पुष्कळ राज्यांत देतात. शाळा सोडलेल्यांसाठीं समकक्षतेची एक परीक्षाहि आहे. ती १९४२ सालीं लढाईवरून परतणाऱ्या सैनिकांकरितां निघाली. यांपैकीं कांहींहि घेतलें तरी वयोमर्यादेपर्यंत शाळेंत परत येतां येतें. परंतु नुसत्या सर्टिफिकेटाला बाहेर विचारतो कोण? महाविद्यालय तें मानीत नाहीं, सरकारची विद्यार्थी-मदत त्यावर मिळत नाहीं, आणि नोकरीच्या अर्जांत 'डिप्लोमा आहे काय' या प्रश्नापुढें 'नाहीं' असेंच लिहावें लागतें. २००८ सालच्या कायद्यानें बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांना महाविद्यालयांतील विशिष्ट अभ्यासक्रमांसाठीं डिप्लोम्यावांचूनहि मदत मिळूं लागली, ही त्यांतल्या त्यांत एक खिडकी. एकूण, एक कागद जगाचें दार उघडतो व शाळेचें लावतो. दुसरा शाळेचें उघडें ठेवतो, पण जगाच्या दारीं निरुपयोगी ठरतो.

डिप्लोमा कोणत्या मापानें द्यावा, यावरहि न्यायालयांत भांडणें झालीं. न्यू यॉर्क राज्यांत एका शिक्षणमंडळानें १९७९ सालीं दोन अपंग विद्यार्थ्यांना राज्याची परीक्षा उत्तीर्ण न होतांहि डिप्लोमे दिले. राज्याच्या शिक्षणाधिकाऱ्यानें ते रद्द ठरविले, आणि १९८३ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें अधिकाऱ्याची बाजू उचलून धरली. त्याच वर्षीं इलिनॉय राज्यांतील पीओरिया गांवच्या खटल्याचा निकाल मात्र वेगळ्या अंगानें लागला. सर्वांना एकच परीक्षा लावण्याचा अधिकार शाळेला आहे, असें न्यायाधीशांनीं मान्य केलें. परंतु या मुलांना परीक्षेची पूर्वसूचना अवघी दीड वर्षाची होती, आणि परीक्षेंतील नव्वद टक्क्यांपर्यंत भाग कित्येकांना कधीं शिकविलाच नव्हता. तेव्हां बाकीच्या अटी पुऱ्या केलेल्यांना डिप्लोमे द्यावेत, असा निकाल झाला. दोहोंत न्यायाला अधिक धरून कोणता, असें विचारल्यास पीओरियाचा म्हणावा लागेल. जें शिकविलें नाहीं त्याची परीक्षा घेणें हा कोणत्याहि शाळेचा अन्यायच होय, मग मूल अपंग असो वा नसो.

शिकविण्याचा हा मुद्दा आईबापांच्या नजरेंतून निसटतो तो दोन शब्दांच्या घोटाळ्यामुळें. अंध मुलाला ब्रेलमध्यें प्रश्नपत्रिका दिली, हात न चालणाऱ्याला लेखनिक दिला, सावकाश वाचणाऱ्याला वेळ वाढवून दिला, तर ती सवलत झाली. अभ्यास तोच, मोजमाप तेंच, म्हणून डिप्लोम्याला बाध येत नाहीं. पण बीजगणिताऐवजीं नाणीं मोजावयास शिकविलें, दहावीच्या पुस्तकाऐवजीं तिसरीचें दिलें, तर तो अभ्यासांतील बदल झाला, आणि मग तो विषय डिप्लोम्याच्या हिशेबांत धरावयाचा किंवा नाहीं हें राज्याच्या नियमावर अवलंबून राहतें. योजनेच्या कागदावर दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी लिहिलेल्या असतात. मूल दहा वर्षांचें असतांना दयाबुद्धीनें केलेला असा बदल बारावींत डिप्लोम्याच्या आड येतो, आणि तें आईबापांना तेव्हां प्रथम कळतें. हें वारंवार घडत असल्यामुळेंच २०१५ च्या शिक्षण-कायद्यांत एक कलम आलें: अत्यंत तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठीं जी निराळी परीक्षा असते, ती घेतल्यानें डिप्लोम्यावर काय परिणाम होईल हें पालकांना स्पष्ट सांगितलें पाहिजे. ही निराळी परीक्षा एका राज्यांत एकंदर परीक्षार्थींच्या एक टक्क्याहून अधिकांना देऊं नये, असें बंधनहि घातलें. आणि ती देणाऱ्या मुलाला पूर्ण डिप्लोम्यासाठीं प्रयत्न करण्याची मनाई करतां येणार नाहीं, असेंहि ठरविलें.

पूर्वीं अपंगांसाठीं वेगळ्या नांवाचे डिप्लोमे देण्याची चाल होती. त्यांत ममता होती, पण मुलाच्या कपाळीं शिक्काहि बसे. न्यू यॉर्कनें आपला असा डिप्लोमा २०१३ सालीं बंद केला आणि त्याच्या जागीं कामधंद्याच्या तयारीचें एक प्रमाणपत्र आणलें. त्याच्या एका मार्गाला २१६ तासांचें व्यवसायशिक्षण लागे, व त्यांतील निदान ५४ तास प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे असावे लागत. फ्लॉरिडानें २०१४ सालीं खास डिप्लोमा काढून टाकून सर्वांना एकच डिप्लोमा ठेवला, मात्र त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा वाढविल्या. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेला विद्यार्थी सोप्या केलेल्या अभ्यासक्रमानें तेथें पोहोंचूं शकतो. दुसऱ्या एका वाटेनें जाणाऱ्यानें अभ्यासाबरोबर निदान एक सहामाहीभर, कायद्याच्या किमान वेतनाहून कमी नव्हे इतक्या पगारावर नोकरी करून दाखवावी लागते. आणि राज्याच्या परीक्षेंत मुलाची पात्रता खरोखर उमटतच नाहीं असें योजना आंखणाऱ्या मंडळीचें मत पडलें, तर त्या परीक्षेचा निकाल माफ होतो.

डिप्लोमा लांबणीवर टाकण्याची सोयहि त्याच राज्यांत आहे. ज्याला पुढील शिक्षणाची गरज आहे, अशा विद्यार्थ्यानें अटी पुऱ्या होणाऱ्या वर्षाच्या १५ मेपर्यंत तसा निर्णय नोंदवावा, आणि पुढें एखाद्या धंदेशिक्षणाच्या, उमेदवारीच्या वा महाविद्यालयीन कार्यक्रमांत नांव घालावें. नियमांत एक बारीक वाक्य आहे: समारंभाला गैरहजर राहिलें म्हणजे डिप्लोमा लांबणीवर टाकला असें होत नाहीं. घरीं बसून राहिलें कीं कागद टळला, असा समज करून घेणारे पालक नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें असावेत.

न्यू जर्सी वगैरे राज्यांत पुष्कळ मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत, आणि त्यांच्यांतहि अशीं मुलें आहेतच. ज्या घरांत मॅट्रिकचें सर्टिफिकेट काचेच्या चौकटींत लावण्याची परंपरा, तेथें 'मुलानें डिप्लोमा तूर्त घेऊं नये' हा सल्ला आजोबांच्या गळीं उतरणें कठीण. त्यांतून बहुतेक राज्यांत अठरावें वर्ष लागलें कीं हे हक्क आईबापांकडून मुलाकडे जातात, व याची सूचना शाळेला वर्षभर आधीं द्यावी लागते. बापानें सही करावयाची ही सवय तेथें अपुरी पडते. मुलाचें काय म्हणणें आहे हें विचारावें लागतें. आणि विचारल्यावर मुलगा 'मला महाविद्यालयांत जावयाचें आहे' असें म्हणाला, व तशी त्याची तयारी असली, तर त्याला तीन वर्षें अडकवून ठेवण्यांतहि शहाणपण नाहीं. मात्र महाविद्यालयांत योजना आंखून देणारें कोणी नसतें. तेथें आपल्या सवलती ज्यानें त्यानें मागून घ्यावयाच्या असतात.

राहतां राहिला समारंभ. बरोबरीचीं मुलें झगे घालून व्यासपीठावर जातात, आणि ज्यानें डिप्लोमा मागें ठेवला त्यानें घरीं बसावें, हें त्या वयांत फार लागतें. इलिनॉय राज्यानें २००५ सालीं यावर कायदाच केला. चार वर्षें शाळेंत काढलेल्या अपंग विद्यार्थ्यानें आपल्या वर्गाबरोबर समारंभांत चालावें, अभ्यासक्रम संपविल्याचें सर्टिफिकेट घ्यावें, आणि सुटी संपल्यावर पुन्हा शाळेंत यावें, अशी मोकळीक त्यानें दिली. पूर्ण डिप्लोमा त्याचें शिक्षण संपेपर्यंत शाळेकडेच राहतो.