ग्रीक पुराणातील राजकन्या (लेखांक ५) : इफिजेनियाचा होकार

गेल्या आठवड्यात आपण हेलनची कथा पाहिली. ट्रॉयच्या पॅरिसबरोबर गेलेल्या हेलनला परत आणण्यासाठी ग्रीक राजांनी फौजा जमवल्या खऱ्या, पण जहाजे ऑलिसच्या बंदरातच अडकली. कुठे उलटा वारा सुटल्याचे सांगतात, कुठे वारा पडल्याचे. काल्कस या भविष्यवेत्त्याने कारण सांगितले : आर्टेमिस देवी कोपली आहे, आणि सेनापती अ‍ॅगमेम्नॉनने आपली थोरली मुलगी बळी दिल्याशिवाय ती शांत होणार नाही. ही मुलगी म्हणजे इफिजेनिया, हेलनची सख्खी भाची.

अ‍ॅगमेम्नॉनने घरी निरोप धाडला : ग्रीक वीर अकिलीजशी लग्न ठरले आहे, मुलीला पाठवून द्या. अकिलीजला याचा पत्ताही नव्हता. आई क्लायटेमनेस्ट्रा तान्ह्या ओरेस्टीसला कडेवर घेऊन, लेकीला नवरी म्हणून छावणीत घेऊन आली.

तिच्या मृत्यूची कथा दोन मोठ्या नाटककारांनी वेगवेगळी सांगितली आहे. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

इ.स.पू. ४५८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या ‘अ‍ॅगमेम्नॉन’मध्ये तिला बोलूच दिले जात नाही. बापाच्या हुकमावरून सेवक तिला करडासारखी उचलून वेदीवर धरतात. तिने घराण्याला शाप देऊ नये म्हणून तोंडात बोळा कोंबतात. केशरी वस्त्र जमिनीवर ओघळते आणि ती एकेकाकडे नुसती पाहत राहते. याच माणसांसमोर, बापाच्या मेजवान्यांत, तिने पूर्वी गाणी म्हटलेली असतात.

युरिपिडीजचे ‘ऑलिसमधील इफिजेनिया’ इ.स.पू. ४०५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सादर झाले. अथेन्स तेव्हा स्पार्टाबरोबरच्या दीर्घ युद्धाने पोखरले होते. पुढच्याच वर्षी ते शरण गेले. या नाटकात इफिजेनिया बोलते. बापाच्या पाया पडते, ओरेस्टीसला पुढे करते, हेलन आणि पॅरिसच्या भानगडीशी माझा काय संबंध, असे विचारते. आणि थोड्याच वेळात तीच मुलगी ग्रीसच्या भल्यासाठी आपण राजीखुशीने मरू, असे जाहीर करते.

हा बदल अ‍ॅरिस्टॉटलला पटला नाही. विनवण्या करणारी इफिजेनिया आणि नंतरची इफिजेनिया यांचा मेळ बसत नाही, असा आक्षेप त्याने ‘काव्यशास्त्रा’त नोंदवला. मला मात्र वाटते की नाटकातला घटनाक्रम पाहिला, की उत्तर मिळते. अ‍ॅगमेम्नॉन आधी पस्तावतो आणि मुलीला आणू नका असे दुसरे पत्र लिहितो. ते त्याचा भाऊ, हेलनचा नवरा मेनेलाउस वाटेतच हिसकावतो. पुढे मेनेलाउसचे मन द्रवते, तर अ‍ॅगमेम्नॉनच सैन्याच्या धाकाने कच खातो. अकिलीज तिच्यासाठी लढायला तयार होतो, तर त्याचेच सैनिक त्याला दगडांनी ठेचायला उठतात. एकेक दार असे बंद झाल्यावर ती हो म्हणते. मरण चुकणार नाही. निदान ते फरफटत नेलेल्या मुलीचे नसावे, एवढेच तिच्या हातात उरते. तिचे धैर्य खरे आहे. पण त्या धैर्याने बापाचा गुन्हा धुऊन निघत नाही. बोळा कोंबलेल्या मुलीपेक्षा हा होकार मला अधिक भयंकर वाटतो, कारण तो मिळताच सगळी छावणी मोकळ्या मनाने तिचा जयजयकार करू शकते.

तिचे मरण पचवणे ग्रीकांनाही जड गेले असावे. एका परंपरेनुसार ऐनवेळी आर्टेमिसने वेदीवर हरिणी ठेवली आणि इफिजेनियाला टॉरियन लोकांच्या देशात, म्हणजे आजच्या क्रिमियात नेले. तिथे ती देवीची पुजारीण झाली. परक्या माणसांचे बळी देण्याच्या विधीत ती सामील असे, आणि एके दिवशी तिच्यासमोर सख्खा भाऊ ओरेस्टीस उभा राहिला. ओळख पटली आणि दोघे देवीची मूर्ती घेऊन निसटले.

अथेन्सच्या पूर्वेला समुद्राजवळ ब्राउरॉन येथे आर्टेमिसचे देवस्थान होते; इफिजेनियाची समाधी तिथेच असल्याचे मानत. अथेन्सच्या लहान मुली तिथे देवीच्या ‘अस्वली’ होऊन सेवा करत. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रियांची वस्त्रे इफिजेनियाला वाहिली जातील, असे युरिपिडीज सांगतो. लग्नाच्या नावाखाली मारलेली मुलगी बायकांच्या सर्वांत धोक्याच्या घडीशी जोडली गेली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

पाँपेईच्या एका भित्तिचित्रात तिला उचलून नेताना दाखवले आहे. बाजूला बाप तोंड झाकून उभा आहे. पुढे रासीनने १६७४ मध्ये तिच्यावर नाटक लिहिले, ग्लूकने १७७४ आणि १७७९ मध्ये दोन ऑपेरा रचले. १९७७ मध्ये मिहालिस काकोयानिसने चित्रपट काढला. युद्धाला निघणारा प्रत्येक समाज कोवळ्या पोरांकडून होकार मागतो. तो होकार ऐकताना, त्याआधी कोणकोणती दारे बंद केली गेली, हे विचारायला इफिजेनिया शिकवते.

ऑलिसचा हिशेब क्लायटेमनेस्ट्राने दहा वर्षांनी नवऱ्याच्या रक्ताने चुकता केला. तिची दुसरी मुलगी मात्र बापाच्या बाजूने उभी राहिली. त्या इलेक्ट्राविषयी पुढील आठवड्यात.